घरीं घडविलेला रोबो

शाळांतून भरणाऱ्या विज्ञान-प्रदर्शनांत अलीकडे एका वस्तूची गर्दी फार वाढली आहे. ती वस्तु म्हणजे रोबो. चार चाकांवर धांवणारा, पुढें भिंत आली असतां थबकणारा, जमिनीवरील काळ्या रेषेवरून निमूटपणें चालणारा असा एखादा छोटा रोबो बहुतेक प्रत्येक प्रदर्शनांत पाहावयास मिळतो, आणि त्याच्याभोंवतीं लहानथोरांचा घोळका जमतो. हें दृश्य पाहून कोणासहि आनंदच वाटेल. तथापि त्या यंत्रामागें उभ्या असलेल्या विद्यार्थ्यास, “बाळ, ही लाल तार काढली तर काय होईल?” एवढाच प्रश्न विचारून पाहावा. कांहीं विद्यार्थी उत्साहानें उत्तर देतात, किंबहुना तार काढूनच दाखवितात. कांहीं मात्र पाठ केलेलें निवेदन पुनः पहिल्यापासून म्हणूं लागतात. पहिल्यानें रोबो घडविलेला असतो. दुसऱ्यानें तो आणलेला असतो. या दोहोंत जें अंतर आहे त्याविषयीं विद्यार्थ्यांशीं व त्यांच्या पालकांशीं मोकळेपणानें चार शब्द बोलण्याचें आम्हीं योजिलें आहे.

‘रोबो’ हा शब्द आला कोठून? कारेल चापेक या चेक लेखकाचें ‘आर्. यू. आर्.’ हें नाटक १९२० सालीं प्रसिद्ध झालें, आणि त्या नाटकांतून हा शब्द जगभर पसरला. चेक भाषेंत ‘रोबोता’ म्हणजे सक्तीची मजुरी, आपल्या बोलींत सांगावयाचें तर वेठ. अर्थात् रोबो म्हणजे मनुष्याकरितां वेठबिगार करणारें यंत्र. कारखान्यांतील रोबोस हा अर्थ शोभतो. परंतु घरांतील टेबलाच्या कोपऱ्यावर एखाद्या मुलानें किंवा मुलीनें खटपट करून जो रोबो उभा केलेला असतो, तो कोणाचीच वेठ करीत नाहीं. त्यानें ना पाणी भरावयाचें असतें, ना केर काढावयाचा असतो. उलट, तोच त्या मुलाकडून काम करून घेतो, त्याची परीक्षा पाहतो, व त्यास शिकवितो. आमच्या मतें घरच्या रोबोचें खरें मोल हेंच आहे.

या छंदाचा इतिहास पाहूं लागल्यास एक गोष्ट मनांत भरते. इंग्लंडांतील ब्रिस्टल शहरीं विल्यम ग्रे वॉल्टर नांवाचे शास्त्रज्ञ मेंदूंतील विद्युत्-लहरींचा अभ्यास करीत असत. त्यांनीं १९४८-४९ च्या सुमारास ‘एल्मर’ व ‘एल्सी’ या नांवांचीं दोन यांत्रिक कांसवें तयार केलीं. त्यांत संगणक नव्हता, आज्ञावली नव्हती. दोन निर्वात नळ्या, दोन मोटरी, प्रकाश ओळखणारा एक डोळा, आणि कवचास धक्का लागतांच जुळणारा एक खटका, एवढाच त्यांचा संसार. आणि तोहि पुष्कळसा जुन्या घड्याळांसारख्या मोडीच्या सामानांतून जमविलेला! असें असूनहि तीं कांसवें मंद प्रकाशाकडे वळत, फार प्रखर प्रकाश असल्यास मागें फिरत, वाटेंत अडथळा आल्यास धक्के देत बाजूनें मार्ग काढीत, आणि बॅटरी उतरूं लागली म्हणजे दिवा लावून ठेवलेल्या आपल्या घरट्याकडे परत जात. १९५१ सालीं लंडन येथें भरलेल्या ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’मध्यें याच जातीचीं कांसवें लोकांस दाखविण्यांत आलीं, तेव्हां तीं पाहणारांस जिवंत प्राण्यांसारखीं भासलीं असल्यास नवल नाहीं. सांगावयाचें तात्पर्य हें कीं, रोबोचें मर्म भारी किंमतीच्या भागांत नसून ते भाग एकमेकांशीं कसे जोडले आहेत यांत आहे.

हेंच मर्म १९८४ सालीं व्हालेंतिनो ब्रायटेनबेर्ग या मेंदूशास्त्रज्ञानें आपल्या ‘व्हेइकल्स’ या छोट्या पुस्तकांत अतिशय सोप्या रीतीनें उलगडून दाखविलें. अशी कल्पना करा कीं, एका गाडीस डावीकडे एक व उजवीकडे एक अशा दोन मोटरी आहेत, व पुढें प्रकाश ओळखणारे दोन डोळे आहेत. डोळ्यावर जितका प्रकाश अधिक, तितकी त्यास जोडलेली मोटर अधिक वेगानें फिरते. आतां डावा डोळा डाव्या मोटरीस व उजवा उजवीस जोडला, तर गाडी दिव्यापासून दूर पळेल. त्याच तारांची अदलाबदल करून डावा डोळा उजव्या मोटरीस व उजवा डाव्या मोटरीस जोडला, तर तीच गाडी दिव्यावर चाल करून जाईल! दोन तारांच्या अदलाबदलीनें भित्रें यंत्र धीट होतें. विद्यार्थिमित्रहो, हा प्रयोग वाचून सोडून देऊं नका. दोन प्रकाश-संवेदक, दोन ट्रान्झिस्टर, कांहीं रेझिस्टर, दोन लहान मोटरी व चार सेल एवढ्या सामग्रींत तो होण्यासारखा आहे. ज्यानें तो स्वतः केला, त्यास ‘तार काढली तर काय होईल’ या प्रश्नाचें भय राहत नाहीं.

पूर्वीपेक्षां आज या छंदाची वाट फारच सुकर झाली आहे. २००५ सालीं इटलींतील इव्हरेआ या गांवीं आरेखनाच्या विद्यार्थ्यांसाठीं ‘आर्डुइनो’ नांवाची एक छोटी पाटी तयार करण्यांत आली. तिच्या ‘ऊनो’ या प्रकारांतील चिप सेकंदास १ कोटि ६० लक्ष ठोक्यांच्या गतीनें चालते, आणि आज्ञावली सांठविण्यास तींत ३२ किलोबाइट जागा असते. आजच्या मोबाइल फोनाशीं तुलना करतां ही जागा म्हणजे समुद्रापुढें चूळभर पाणी. परंतु चाकें फिरविण्यास व भिंत ओळखण्यास ती पुरून उरते. या पाटीचा आराखडा सर्वांस खुला ठेवलेला असल्यामुळें तिच्या स्वस्त प्रतिहि बाजारांत मिळतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लींत एक फेरी मारली असतां मोटरी, चाकें, संवेदक हें सर्व हातांत घेऊन पाहतां येतें. दूरच्या गांवीं राहणाऱ्यांस तें टपालानेंहि मागवितां येतें. साधा रोबो करण्यास लागणारा एकंदर खर्च एका चांगल्या क्रिकेटच्या बॅटीहून अधिक होत नाहीं.

परंतु वाट सुकर झाली म्हणजे चालण्याचे कष्ट संपले असें नव्हे, आणि ते संपूंहि नयेत. नवशिक्यास हटकून भेटणारी एक अडचण येथें सांगतों. तो दुकानांतून चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी आणतो, मोटरी जोडतो, आणि रोबो जागचा हालत नाहीं. किंवा दोन पावलें जाऊन पाटीवरील दिवा विझतो व पुनः लागतो. मुलगा म्हणतो, “माझी मोटर ६ व्होल्टची, बॅटरी तर ९ व्होल्टची, मग कमी कोठें पडलें?” विज्ञानाच्या पुस्तकांत विभवांतर व विद्युत्धारा यांच्या व्याख्या त्यानें शेंकडों वेळां घोकलेल्या असतात, पण त्या दोहोंतील भेद त्यास आज प्रथमच भेटतो! ती चौकोनी बॅटरी धूर ओळखणाऱ्या यंत्रासारख्या अल्पाहारी उपकरणासाठीं असते. तिचा आंतरिक रोध मोठा असल्यामुळें मोटर सुरू होतांना जी एकदम मोठी धारा मागते ती तिला पुरवितां येत नाहीं. विभवांतर कोसळतें आणि पाटी क्षणभर मूर्च्छित होते. त्याच जागीं साधे चार पेन्सिल-सेल लावले तर एकूण व्होल्ट कमी असूनहि रोबो चालूं लागतो. लेबलावरचा आंकडा मोठा म्हणून सामर्थ्य मोठें असें नसतें, हा धडा त्या दिवशीं मुलाच्या मनावर जो ठसतो, तो पुसला जात नाहीं.

तीच गोष्ट ओमच्या नियमाची. पाटीचे ५ व्होल्ट, लाल एल्.ई.डी. स्वतःकरितां सुमारें २ व्होल्ट घेतो, उरले ३. धारा १५ मिलिअँपिअरच्या आसपास ठेवावयाची आहे, तर रेझिस्टर किती ओमचा हवा? ३ भागिले ०.०१५, म्हणजे २००. बाजारांत २२० ओमचा सहज मिळतो, तो लावावा. हें गणित परीक्षेंत चुकलें तर दोन गुण जातात. टेबलावर चुकलें तर एल्.ई.डी. जातो. दोन गुणांचें दुःख निकालाबरोबर विसरतें, जळलेला एल्.ई.डी. मात्र मुलगा कित्येक दिवस खिशांत बाळगतो, व मित्रांस दाखवितो!

आणखी एक उदाहरण देतों. काळ्या रेषेवरून चालणाऱ्या रोबोच्या पोटाखालीं अवरक्त किरण सोडणारा एक दिवा व ते किरण परत आले कीं नाहीं हें पाहणारा एक डोळा असतो. पांढरी जमीन किरण परतविते, काळी रेषा ते गिळते. रात्रीं घरांतील दिव्याखालीं असा रोबो अगदीं गुणी बाळासारखा वागतो. आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं तोच रोबो ओसरीवर नेला तर वेड्यासारखा भरकटतो. कां बरें? कारण सूर्यप्रकाशांतहि अवरक्त किरण विपुल असतात, घरांतल्या एल्.ई.डी. दिव्यांत ते जवळजवळ नसतात. उन्हांत रोबोच्या डोळ्यास सगळीकडे पांढरेंच दिसूं लागतें. उपाय सोपा आहे: संवेदकाभोंवतीं काळ्या कागदाची झालर लावावी. पण तो उपाय सुचण्यापूर्वीं जो एक तास मुलगा कपाळास हात लावून बसतो, तोच तास शिक्षणाचा. तसेंच ध्वनीनें अंतर मोजणाऱ्या संवेदकाचें. ध्वनि सेकंदास सुमारें ३४३ मीटर जातो. तेव्हां एक मीटरवरील भिंतीवर आपटून प्रतिध्वनि परत येण्यास सहा मिलिसेकंदांहूनहि किंचित् कमी वेळ लागतो. हा वेळ मोजून रोबो भिंत ओळखतो. मात्र मऊ पडदा ध्वनि पिऊन टाकतो, व तिरपी फळी तो भलतीकडेच परतविते. म्हणून भिंतीपुढें शहाण्यासारखा थांबणारा रोबो पडद्यांत मात्र खुशाल शिरतो. आपल्या इंद्रियांस जें कळत नाहीं तें जगांत नाहीं असें समजणाऱ्याची फजिती कशी होते, हें याहून चांगलें कोणता पाठ शिकवील?

या सर्वांतून एक गोष्ट वाचकांच्या ध्यानांत आलीच असेल. यंत्र कोणाची भीड धरीत नाहीं. शिक्षकास गोड बोलून, परीक्षकास पाठांतरानें, आईबापांस हट्टानें वळवितां येतें. सैल राहिलेल्या तारेस यांपैकीं कशानेंहि वळवितां येत नाहीं. ‘नाचतां येईना अंगण वांकडें’ ही सबब तेथें चालत नाहीं. कारण अंगण खरोखरच वांकडें असलें तरी रोबोस त्यावर चालवून दाखविण्याची जबाबदारी करणाराचीच असते. आपल्या अपयशाचें कारण आपणच शांतपणें शोधावें, एका वेळीं एकच बदल करून पाहावा, आणि जें दिसलें तेंच खरें मानावें, ही संवय ज्यास लागली, त्यानें पुढें वकिली केली काय, शेती केली काय किंवा संसार केला काय, ती त्याच्या उपयोगीं पडल्यावांचून राहणार नाहीं.

आतां जो रोबो विकत आणून ‘स्वतः केला’ म्हणून मांडला जातो, त्याविषयीं स्पष्ट बोलणें भाग आहे. प्रदर्शनाचे दिवस जवळ आले कीं तयार नमुने विकणारीं दुकानें गजबजतात. सोबत तक्ता व पाठ करावयाचें निवेदनहि मिळतें. ‘आयत्या बिळावर नागोबा’ ही म्हण अशा वेळीं आठवते. यांत मुलांस दोष देण्याची आमची इच्छा नाहीं. दोष आहे तो बक्षिसाच्या घाईचा. पालकांस वाटतें कीं, आपल्या मुलाचें यंत्र इतरांच्या यंत्रांपुढें ओबडधोबड दिसूं नये. शाळांस वाटतें कीं, आपलें दालन झगमगावें. आणि या दोघांच्या हौसेखालीं मूल एक गोष्ट नकळत शिकून जातें: काम केलें नाहीं तरी चालतें, केल्यासारखें दिसलें म्हणजे झालें. हा धडा एकदां पक्का झाला म्हणजे कोणत्याहि पदवीनें तो पुसतां येत नाहीं. विकतच्या संचाचें आम्हांस वावडें नाहीं. संच आणावा, जोडावा, मोडावा, त्यांतील मोटर काढून दुसऱ्या गाडीस लावावी. तो शिकण्याचा चांगला आरंभ आहे. परंतु ‘हा संच मीं विकत आणला व त्यांत अमुक बदल केला’ असें त्याच्यापुढें लिहिण्याचें धैर्य हवें. तें लिहिण्यानें मान कमी होत नाहीं. उलट केलेला बदल कितीहि लहान असला तरी तो आपला ठरतो.

कोणी पालक म्हणतील, “हें सर्व ठीक, पण अभ्यासाचें काय?” आमचें उत्तर असें कीं, आठवड्यांतून दोन संध्याकाळी या छंदास दिल्यानें अभ्यास बुडत नाहीं, आणि विद्युत्, ध्वनि, प्रकाश, गणित हे विषय ज्यानें हातांनीं चांचपले, त्यास ते पुस्तकांत पुनः भेटतात तेव्हां ओळखीचे वाटतात. दुसरे म्हणतील, “आतां तर मागणी करतांच आज्ञावली लिहून देणारीं यंत्रें निघालीं आहेत, मुलांनीं डोकें कां शिणवावें?” खरें आहे, तीं यंत्रें आज्ञावली लिहून देतात, आणि त्यांची मदत घेण्यास हरकत नाहीं. परंतु रोबो वळणावर डावीकडेच कां झुकतो, याचें कारण आज्ञावलींत नसून दोन मोटरींच्या गतींतील बारीकशा फरकांत किंवा चाकांत अडकलेल्या केंसांत असूं शकतें. तो केंस पाहण्यास टेबलापाशीं गुडघे टेंकून बसणारा मनुष्यच लागतो.

धोक्याची शंका मात्र रास्त आहे, व तिचें उत्तर सावधगिरीनेंच द्यावयास हवें. भिंतींतील २३० व्होल्टच्या विजेशीं मुलांनीं कधींहि खेळूं नये. आरंभीचे सर्व प्रयोग सेलांवर करावे. जुना टी. व्ही. किंवा मायक्रोवेव्ह भट्टी उघडूं नये. बटण बंद केल्यावरहि त्यांच्या आंत प्राणघातक विद्युत्भार उरलेला असूं शकतो. लिथियमच्या सेलांचीं दोन टोकें एकमेकांस भिडलीं तर आग लागते. ते योग्य चार्जरनेंच व कोणी जवळ असतांनाच भारावे. सोल्डरिंगच्या कांडीचें टोंक तीनशें अंशांहून अधिक तापतें. तिला ठेवण्यास घोडी असावी, खिडकी उघडी असावी, आणि सोल्डरमध्यें शिसें असतें म्हणून काम झाल्यावर हात स्वच्छ धुवावे. एवढे नियम पाळले तर स्वयंपाकघरांतील शेगडीहून हें टेबल अधिक भयंकर नाहीं.

आणि शेगडीचा उल्लेख आलाच आहे, तर कन्यांच्या पालकांस एक विनंति करतों. जी मुलगी बाराव्या वर्षीं तापल्या तव्यावर पोळी भाजते, तिच्या हातीं सोल्डरिंगची कांडी देतांना मात्र आपण कचरतों, आणि तीच कांडी तिच्या धाकट्या भावास आनंदानें देतों. यांत न्याय तर नाहींच, पण शहाणपणहि नाहीं. नाजुक जोडणीस जो स्थिर हात व जें धैर्य लागतें, तें आमच्या वर्गांतील मुलींपाशीं कोणाहूनहि कमी नाहीं.

शेवटीं कांहीं सूचना मांडून हा लेख पुरा करतों. पालकांनीं मुलास महागडी पेटी आणून देण्याऐवजीं टेबलाचा एक कोपरा द्यावा, बंद पडलेलीं बॅटरीवरचीं खेळणीं उघडण्याची परवानगी द्यावी, एक साधा मल्टिमीटर द्यावा, आणि मुख्य म्हणजे बिघडविण्याचा अधिकार द्यावा. अडलेल्या मुलाच्या हातांतून काम काढून घेऊं नये, “तूं काय काय करून पाहिलेंस?” एवढेंच विचारावें. विद्यार्थ्यांनीं एक वही ठेवावी, तींत तारीख घालून काय बिघडलें, काय वाटलें, व शेवटीं काय निघालें हें लिहावें. आणि शाळांनीं, त्यांत आमची शाळाहि आली, प्रदर्शनांत यंत्राशेजारीं ही वही मांडण्याची प्रथा पाडावी. परीक्षकांनीं आधीं ती वही वाचावी, मग एक तार काढावी, आणि विद्यार्थ्यास ती पुनः जोडावयास सांगावी. यंत्र चालो वा न चालो, त्यास त्यामागील कारण सांगतां आलें तर त्याचा गौरव करावा. असें झालें तर प्रदर्शनांतील कांहीं रोबो अडखळतील, कांहीं भलतीकडे वळतील, एखादा मध्येंच थांबेलहि. परंतु त्यांच्यामागें उभीं असलेलीं मुलें खालीं बसून, तार चांचपून, त्यांस पुनः चालतें करतील. अशा प्रदर्शनाची आम्ही उत्सुकतेनें वाट पाहत आहों.